कावेरीच्या पंचांगावर चाललेलं गाव : श्रीरंगपट्टण

श्रीरंगपट्टणावर चालून आलेल्या फौजांच्या तारखा एकाखाली एक मांडल्या, की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. नानासाहेब पेशव्यांनी वेढा दिला तो १७५७ च्या मार्चमध्ये. त्रिंबकराव पेठे आले ते १७७१ च्या मार्चमध्ये. लॉर्ड कॉर्नवॉलिस पहिल्यांदा १७९१ च्या मे महिन्यात आला आणि हात हलवत परत गेला. दुसऱ्यांदा आला तो १७९२ च्या फेब्रुवारीत. जनरल हॅरिसनं १७९९ च्या एप्रिलमध्ये मोर्चे लावले आणि ४ मे रोजी किल्ला घेतला. दीडदोन पिढ्यांत सेनापती बदलले, तोफा बदलल्या, झेंडे बदलले. हंगाम मात्र तोच राहिला. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, उन्हाळ्यात काम उरकायचं आणि मृग लागायच्या आत परतीची वाट धरायची.

याचं कारण नकाशात आहे. कोडगूच्या डोंगरात उगम पावलेली कावेरी म्हैसूरच्या उत्तरेला आली, की दोन फाटे फोडते आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा एक होते. या दोन फाट्यांच्या मधे सुमारे पाच किलोमीटर लांब आणि जेमतेम दीड किलोमीटर रुंद असा जमिनीचा तुकडा राहिला आहे. त्यावर देऊळ, देवळाभोवती गाव, गावाभोवती तटबंदी आणि तटबंदीभोवती नदी. पावसाळ्यात कोडगूत पाऊस कोसळू लागला, की हा खंदक आपोआप भरतो आणि कुठल्याही फौजेला अडवून धरतो. संक्रांतीनंतर मात्र पाणी उतरतं, पात्रातले खडक उघडे पडतात आणि माणसं चालत पलीकडे जातात. म्हणजे वर्षातले काही महिने हे बेट, काही महिने नुसताच नदीकाठ. श्रीरंगपट्टणाचं भाग्य आणि दुर्भाग्य, दोन्ही या वार्षिक चढउतारात आहे. इथला इतिहास सनावळ्यांपेक्षा पंचांग घेऊन वाचला तर जास्त उलगडतो.

देव आधी, राजा मागून

कावेरीत अशी बेटं बरीच आहेत. त्यांतल्या तीन बेटांवर शेषशायी विष्णूची तीन मोठी देवळं आहेत. श्रीरंगपट्टणाचा आदिरंग, शिवनसमुद्रचा मध्यरंग आणि तमिळनाडूतल्या श्रीरंगमचा अंत्यरंग. भाविक ही यात्रा नदीच्या प्रवाहाबरोबर करतात. इथलं रंगनाथाचं देऊळ इसवी सन ८९४ मध्ये गंग घराण्याच्या तिरुमलय्या नावाच्या मांडलिकानं बांधलं असं मानतात. पुढे होयसळांनी आणि विजयनगरच्या राजांनी त्यात भर घातली. आज दिसणारं गोपुर विजयनगर शैलीतलं आहे. गाभाऱ्यात अंधार असतो. समईच्या उजेडाला डोळे सरावले, की शेषावर पहुडलेली ती मोठी काळी मूर्ती हळूहळू दिसू लागते. आधी पाय, मग हात, सर्वांत शेवटी मुद्रा. रांग मागून रेटत असते, त्यामुळे पुष्कळांचं दर्शन पायांपाशीच आटोपतं.

देवामुळे गाव झालं आणि नदीमुळे गावाचा किल्ला झाला. १४५४ मध्ये नागमंगलच्या तिम्मण्णा हेब्बार यानं विजयनगरच्या परवानगीनं इथे कोट उभारला. विजयनगरचे सुभेदार त्यात राहू लागले. साम्राज्य खिळखिळं झाल्यावर १६१० मध्ये म्हैसूरच्या राजा वडेयरनं हा किल्ला घेतला आणि आपली राजधानी इथे हलवली. विजयनगरचा दसरा त्यानं त्याच वर्षी इथे सुरू केला. म्हैसूरचा जो दसरा पाहायला आज देशोदेशीचे लोक येतात, तो मुळात या बेटावरचा. अलीकडच्या वर्षांत श्रीरंगपट्टणातही दसऱ्याची मिरवणूक पुन्हा निघू लागली आहे.

या सत्तांतराला एका शापाची दंतकथा चिकटली आहे. जुन्या सुभेदाराची पत्नी अलमेलम्मा हिच्याकडे रंगनायकी देवीचे दागिने होते. वडेयरची माणसं ते घ्यायला आली, तेव्हा तिनं तलकाडजवळ कावेरीत उडी घेतली. जाताजाता शाप दिला, की तलकाड वाळूखाली जाईल, मालंगीला डोह होईल आणि म्हैसूरच्या राजांना मूल होणार नाही. तलकाडची देवळं खरोखरच वाळूखाली गेली आणि वडेयर घराण्यात पुढे पिढ्यान्‌पिढ्या दत्तक घ्यावे लागले. भूगोलानं आणि वंशावळीनं मिळून शापाला इतका भक्कम आधार दिल्यावर लोक ती गोष्ट विसरतील कशी?

कंठीरव नरसराज वडेयर १६३८ मध्ये गादीवर आला आणि लगेच त्याच्यापुढे विजापूरची फौज येऊन ठाकली. सरदार रणदुल्लाखान, आणि त्याच्याबरोबर शहाजीराजे भोसले. याच मोहिमेत केंपेगौडाकडून बंगळुरू घेतलं गेलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचं ठाणं झालं. बंगळुरू पडलं, श्रीरंगपट्टण मात्र टिकलं. कंठीरवानं वेढा उधळून लावला आणि मग नदीचं पाणी कामाला लावलं. कावेरीवर बंधारा घालून त्यानं एक कालवा काढला आणि तो पाटासारखा नदीवरूनच ओलांडून बेटावर आणला. बंगारदोड्डी नाला या नावानं तो अजून आहे. खालून कावेरी वाहते आणि वरून कावेरीचंच पाणी बेटावरच्या बागांना जातं.

मराठी फौजा तटाखाली

शाळेत श्रीरंगपट्टण म्हटलं, की टिपू आणि इंग्रज एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण १७९९ पूर्वी पाऊणशे वर्षं या गावाला धास्ती होती ती पुण्याकडून येणाऱ्या धुळीची. १७२६-२७ च्या मोहिमेला मराठी इतिहासात ‘श्रीरंगपट्टणची स्वारी’ असंच म्हणतात. तीत पहिले बाजीराव होते. सगळा मामला चौथाईचा आणि खंडणीचा. १७५७ मध्ये नानासाहेबांनी तोफा डागल्या. एक गोळा रंगनाथाच्या देवळाच्या शिखराला लागला आणि पाठोपाठ मराठ्यांचीच एक तोफ फुटली, असं इंग्रज इतिहासकार विल्क्सनं लिहून ठेवलं आहे. हा अपशकुन मानला गेला. दोन्ही बाजूंना तडजोड हवीच होती. ३२ लाखांवर सौदा तुटला. थोडे रोख, बाकीपोटी तालुके गहाण.

हे गहाण तालुके सोडवून घेण्याच्या धामधुमीत हैदरअली नावाचा एक नाईक मोठा झाला. त्याचा कारभार पाहणारा खंडेराव नावाचा ब्राह्मण त्याच्याच विरुद्ध उलटला आणि त्यानं विसाजीपंत बिनीवाल्यांच्या मराठी फौजेशी संधान बांधलं. १२ ऑगस्ट १७६० रोजी तटावरून हैदरच्या वाड्यावर तोफा सुरू झाल्या. महिना श्रावणाचा, कावेरी दुथडी भरलेली. एरवी शत्रूला बाहेर ठेवणारी नदी त्या दिवशी हैदरला आत कोंडून बसली होती. दिवसभर तहाची बोलणी करत त्यानं वेळ काढला आणि अंधार पडल्यावर मोजके स्वार घेऊन, बायकामुलांना मागे ठेवून, तो नदीपार झाला. रातोरात घोडा फेकत त्यानं आनेकल आणि तिथून बंगळुरू गाठलं. मागे राहिलेल्या मुलांत एक नऊ-दहा वर्षांचा मुलगाही होता. त्याचं नाव टिपू.

पुढच्या वर्षी बाजी उलटली. राजघराण्यातल्या बायकांनी खंडेरावासाठी रदबदली केली, तेव्हा हैदरनं शब्द दिला, की मी त्याला जिवंत तर ठेवीनच, शिवाय पाळलेल्या पोपटासारखं सांभाळीन. शब्द त्यानं अक्षरशः पाळला. खंडेरावाला लोखंडी पिंजऱ्यात घातलं आणि मरेपर्यंत दूधभात दिला.

१७७१ च्या ५ मार्चला मेलुकोटे आणि चिनकुरळीच्या परिसरात, मोती तलावाजवळ, त्रिंबकराव पेठ्यांनी हैदरचा दारुण पराभव केला. तोफखाना, हत्ती, घोडे, सगळं हाती लागलं. हैदर जीव घेऊन पुन्हा याच बेटात शिरला. मराठ्यांनी महिनाभराहून अधिक काळ वेढा दिला, पण किल्ला फोडणाऱ्या जड तोफा आणि ते शास्त्र त्यांच्याकडे पुरेसं नव्हतं. मैदानात जिंकायचं आणि नदीकाठी अडायचं, हा अनुभव त्यांनी तिथे पुरेपूर घेतला.

मेलुकोट्याचा बाजार

या सगळ्या मोहिमांतलं माझं सर्वांत आवडतं दृश्य युद्धाचं नाही, बाजाराचं आहे. १७९१ चा मे महिना. मार्चमध्ये बंगळुरूचा किल्ला घेऊन कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणासमोर पोचला होता. १५ मे रोजी अरकेरेला लढाई झाली, तीही त्यानं जिंकली. पण वळवाच्या सरी सुरू झाल्या होत्या, बैल हजारोंनी मरत होते, दाणा संपला होता आणि तळात रोगराई पसरली होती. जिंकलेल्या सेनापतीनं आपल्याच मोठ्या तोफा फोडून टाकल्या आणि माघार घेतली. मेलुकोट्याच्या वाटेवर समोरून घोडेस्वार दिसले. इंग्रजांनी बंदुका सरसावल्या. शत्रू समजून त्यांच्यावर गोळी झाडायची तेवढी बाकी होती, तेव्हा कळलं की हे मराठे. तासगावकर परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजा एका मजलेवर होत्या. टिपूच्या स्वारांनी जासूद असे काही अडवले होते, की ही बातमी कॉर्नवॉलिसला लागलीच नव्हती.

उपाशी इंग्रजी फौज मराठ्यांच्या तळावर आली आणि तिथला बाजार पाहून थक्क झाली. जिथे त्यांना मूठभर तांदूळ मिळत नव्हता, तिथे पाल ठोकून सराफ बसले होते. धान्य, मेंढ्या, कोंबड्या तर होत्याच. शिवाय विलायती बनात, इंग्लंडात तयार झालेले चाकू, काश्मिरी शाली, हिरे, लुटीतले चांदीचे दागिने आणि थेट कोकणातून आलेली सुकी मासळी! इंग्रज अधिकाऱ्यांनी हे वर्णन चवीनं लिहून ठेवलं आहे. भाव मात्र अव्वाच्या सव्वा होते आणि दोस्त म्हणून कुणी सूट दिली नाही. भाऊंच्या फौजेबरोबर वाणी, सराफ, बोहरी, बंजारे असं एक चालतं शहर असे. त्यामुळे ती सावकाश चाले, पण उपाशी राहत नसे. कोकणातला सुका बांगडा घाट चढून कावेरीच्या खोऱ्यापर्यंत पोचला, यातच त्या व्यवस्थेचा पल्ला कळतो.

या चालत्या शहराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच मोहिमेत भाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा शारदामठ लुटला. तिथल्या स्वामींनी टिपूला कळवलं आणि टिपूनं मठाची पुन्हा घडी बसवण्यासाठी मदत पाठवली. तो पत्रव्यवहार १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याला मठात सापडला. हिंदू फौज मठ लुटते आणि मुसलमान सुलतान तो सावरतो. उलट याच टिपूच्या मलबार आणि कोडगूमधल्या मोहिमांच्या आठवणी आजही कडू आहेत. अठराव्या शतकाला आजचे कप्पे लावायला गेलं, की ते असं हाताबाहेर जातं.

१७९२ च्या फेब्रुवारीत तिन्ही दोस्तांनी, म्हणजे इंग्रज, निजाम आणि मराठ्यांनी, बेट घेरलं. ६ फेब्रुवारीच्या रात्री कॉर्नवॉलिसनं हल्ला केला आणि टिपूला किल्ल्याच्या आत रेटलं. तहात टिपूला अर्धं राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये द्यावे लागले. रक्कम फिटेपर्यंत त्याचे दोन लहान मुलगे इंग्रजांकडे ओलीस राहिले. टिपूचा समूळ नाश होऊ नये, अशी पुण्याची भूमिका होती आणि हरिपंतांनी ती तहाच्या बोलण्यांत मांडली. टिपू गेला तर इंग्रजांना आवर घालायला दक्षिणेत कोण उरणार, हा त्यामागचा हिशेब. सात वर्षांनी तो खरा ठरला.

४ मे, दुपारचा एक

१७९९ मध्ये हॅरिसकडे वेळ थोडा होता. त्याचंही धान्य संपत आलं होतं आणि पश्चिमेकडे आभाळ भरायला लागलं होतं. टिपूचा सगळा भरवसा याच गोष्टीवर होता, की आणखी चार-सहा आठवडे तग धरला तर उरलेलं काम कावेरी करील. ३ मे रोजी तटाच्या पश्चिम टोकाजवळ खिंडार पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास, उन्हाच्या तडाख्यात पहारे सैलावलेले असताना, डेव्हिड बेअर्डच्या हाताखाली हल्ला झाला. हैदर-टिपूविरुद्धच्या १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत पकडला गेलेला हा बेअर्ड याच किल्ल्यात साडेतीन वर्षांहून अधिक काळ साखळदंडात होता. सैनिक पात्रात उतरले. पाणी कुठे घोट्यापर्यंत, कुठे छातीपर्यंत. काही मिनिटांतच खिंडारावर त्यांचं निशाण चढलं. संध्याकाळपर्यंत किल्ला पडला होता आणि रात्री मशालीच्या उजेडात, एका दरवाजाजवळ प्रेतांच्या राशीखाली टिपू सापडला.

दुसऱ्या दिवशी, ५ मे रोजी, त्याचं दफन झालं आणि त्याच संध्याकाळी वळवानं बेटाला झोडपून काढलं. वीज पडून इंग्रजी तळावर माणसं मेली. हा पाऊस पंधरवडाभर आधी आला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न श्रीरंगपट्टणात उभं राहिलेल्या प्रत्येकाच्या मनात येतोच. इतिहासात जर-तरला किंमत नसते, हे ठाऊक असूनही येतो.

लूट अफाट झाली. टिपूचा यांत्रिक वाघ लंडनला गेला आणि आता तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लोखंडी नळीचे म्हैसुरी अग्निबाण विलायतेत तपासले गेले आणि त्यांवरून काँग्रीव्हनं इंग्रजी रॉकेटं बनवली. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही १८६८ ची कादंबरी सुरू होते ती या लुटीतूनच. बेटावरच्या एका दुपारचा बोभाटा जगभर झाला.

डासांनी केलेली हकालपट्टी

३० जून १७९९ रोजी पाच वर्षांच्या कृष्णराज वडेयरला म्हैसुरात गादीवर बसवलं आणि राजधानी बेटावरून उठली. सुलतानाच्या तुरुंगातून त्या गोंधळात एक कैदी निसटला होता, धोंडजी वाघ. मूळचा मराठा शिलेदार. त्यानं विस्कटलेली फौज गोळा केली आणि स्वतःला उभय लोकांचा राजा म्हणवून घेतलं. श्रीरंगपट्टणचा इंग्रज अधिकारी आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वर्षभर त्याच्या मागावर होता. १० सप्टेंबर १८०० रोजी धोंडजी लढाईत पडला. त्याच्या पोरक्या मुलाच्या संगोपनाची सोय वेलस्लीनं केली.

इंग्रजांनी बेटावर छावणी ठेवली खरी, पण आता त्यांची गाठ नदीच्या दुसऱ्या अस्त्राशी पडली. पूर ओसरला की डबकी राहायची, डबक्यांत डास व्हायचे आणि हिवतापानं बराकी रिकाम्या व्हायच्या. बेटावरची दफनभूमी भरू लागली. शेवटी १८०९ ते १८११ या काळात छावणीनं मुक्काम हलवला तो उंचावरच्या, थंड हवेच्या बंगळुरूला. हलसूरच्या तलावाजवळची कँटोन्मेंट, तिचे परेड मैदान, बंगले आणि बाजार, म्हणजे आजच्या बंगळुरूचा अर्धा चेहरामोहरा, श्रीरंगपट्टणाच्या डासांच्या कृपेनं घडला असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

गाव ओस पडत गेलं. तरी त्या पडत्या काळातही बेटाच्या पूर्वेकडच्या गंजाममध्ये राहणारा फ्रेंच धर्मगुरू आबे दुबॉय यानं १८०३-०४ मध्ये देवीची लस टोचायची मोहीम काढली आणि पंचवीस हजारांहून अधिक लोकांना टोचलं. त्याचं साधं चर्च गंजाममध्ये अजून उभं आहे.

काय पाहाल?

बंगळुरूहून श्रीरंगपट्टण सव्वाशे किलोमीटर, तिथून म्हैसूर पंधरा. २०२३ मध्ये नवा द्रुतगती महामार्ग खुला झाल्यापासून दोन तासांत माणूस पोचतो. त्या बदल्यात रामनगरचे खडक, चन्नपट्टणची लाकडी खेळणी आणि मद्दूरचा वडा बाजूला पडले. पुण्याकोल्हापूरहून पाहुणे आले, की बंगळुरूतली मराठी कुटुंबं त्यांना हमखास याच रस्त्यावर नेतात. वडा ज्यांना चुकवायचा नसेल त्यांनी मद्दूरला जुन्या रस्त्यावर उतरावं किंवा सरळ रेल्वेनं जावं; गाडीत तो खिडकीपाशी येतो. रवा, मैदा, तांदळाचं पीठ आणि भरपूर कांदा यांचा हा चपटा, खुसखुशीत वडा आपल्या बटाटेवड्याच्या कुळातला अजिबात नाही.

रेल्वे थेट किल्ल्यातूनच जाते. लोहमार्ग दुहेरी करताना टिपूच्या काळातलं एक दारूकोठार मधे येत होतं. ते पाडायचं नाही असं ठरलं. २०१७ मध्ये विटा-चुन्याची, सुमारे हजार टनांची ती इमारत तळापासून सोडवली, जॅकवर उचलली आणि लोखंडी तुळयांवरून सरकवत शंभराहून अधिक मीटर पलीकडे नेऊन ठेवली. गाडीतून उतरल्यावर ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता दरिया दौलत बाग. १७८४ मधला हा सागवानी उन्हाळी महाल बाहेरून हिरव्या पडद्यांआड दडलेला असतो. पश्चिमेच्या भिंतीवर १७८० ची पोल्लिलूरची लढाई रंगवली आहे. बरेचसे प्रवासी एक नजर टाकून पुढे जातात, कारण बसवाल्यानं पाऊण तास दिलेला असतो. इथे थांबायला हवं. मधोमध इंग्रजांचा चौकोन. लाल डगल्यांची रांग इतकी घट्ट, की माणसं नव्हे, कुंपण वाटावं. आत पालखीत जखमी कर्नल बेली तोंडात बोट घालून बसला आहे. वर दारूगोळ्याचा गाडा फुटतो आहे. हत्तीवर हैदर आणि टिपू इतके निवांत, की फुलाचा वास घेत निघाले आहेत. आणि कोपऱ्यात निजामाची फौज, सगळं संपल्यावर पोचलेली; चित्रकारानं तिची केलेली टिंगल गाईड रंगवून सांगतात. हा प्रचाराचा फलकच म्हणा, पण विनोदबुद्धी असलेला. पूर्वेच्या भिंतीवर समकालीन राजेरजवाड्यांच्या बैठका आहेत. त्यांत तंजावरचे राजे आहेत आणि पेशवे बाळाजीराव, म्हणजेच नानासाहेबही. ज्यांच्या तोफेचा गोळा देवळाच्या शिखराला लागला, त्यांना महालाच्या भिंतीवर मानाची जागा मिळाली आहे. पुढे इथे राहायला आलेल्या वेलस्लीनं ही चित्रं नीट करून घेतली, आणि १८५० च्या दशकात डलहौसीनं ती पुन्हा रंगवून घेतली.

बेटाच्या पूर्व टोकाला गंजाममध्ये गुंबज आहे. हैदर, त्याची बेगम आणि टिपू तिथे शेजारी शेजारी आहेत. सभोवती काळ्या कातळाचे ३६ गुळगुळीत खांब, हस्तिदंती जडावाचे दरवाजे आणि आतल्या भिंतींवर वाघाचे पट्टे. पलीकडे संगमावर दोन्ही फाटे एकत्र येतात. जवळच्या निमिषांबेच्या देवळात नवस बोलणाऱ्यांची गर्दी असते. गावाच्या दुसऱ्या बाजूला पश्चिमवाहिनी आहे. तिथे कावेरी दिशा बदलून पश्चिमेकडे वळते, म्हणून लोक दूरदूरहून अस्थी घेऊन येतात. महात्मा गांधींच्या अस्थींचा एक भागही १९४८ मध्ये इथे विसर्जित झाला.

किल्ल्यात बेलीची कोठडी आहे. तटाच्या पोटातलं कमानदार तळघर, भिंतीतून बाहेर आलेले दगड, त्यांना कैदी बांधायचे म्हणतात. मधेच एक तोफ पडलेली आहे. १७९९ च्या वेढ्यात ती छत फोडून खाली आली असं सांगतात. दिवाण पूर्णय्यानं १८०४ मध्ये बांधलेला वेलस्ली पूलही चुकवू नये. दगडी खांब आणि त्यांवर दगडाच्याच तुळया. या पुलानं कावेरीचे दोनशेहून अधिक पूर अंगावर घेतले आहेत. त्याउलट द हॅविलँड नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १८०८ मध्ये विटांची एक प्रचंड कमान उभारली होती. एवढी रुंद कमान टिकणार नाही असं म्हणणाऱ्यांना खोटं पाडण्यासाठी. वर उभं राहून उडी मारली की ती थरथरे म्हणे. ती १९३० च्या दशकात कोसळली. आता दोन टोकांचे ठोकळे आणि मधलं आकाश उरलं आहे.

पंचांग आता धरणाच्या हाती

नदीवर शेवटचा ताबा मिळवला तो कुठल्या सेनापतीनं नाही, अभियंत्यांनी. बेटाच्या वरच्या अंगाला कन्नंबाडीजवळ, जिथे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसनं आपल्या तोफा टाकून दिल्या त्याच भागात, १९११ मध्ये विश्वेश्वरय्यांच्या देखरेखीखाली धरणाचं काम सुरू झालं. पाया खणताना टिपूचा फारसी शिलालेख सापडला. त्यालाही इथेच धरण बांधायचं होतं. तो दगड आज कृष्णराजसागर धरणाच्या दाराशी लावलेला आहे. तेव्हापासून बेटाभोवती किती पाणी वाहायचं ते धरणाचे दरवाजे ठरवतात. पूर्ण पातळी १२४.८० फूट. पावसाळ्यात हा आकडा कर्नाटकात लोक क्रिकेटच्या धावसंख्येसारखा विचारतात, आणि कमी पावसाच्या वर्षी तमिळनाडूला किती सोडायचं यावरून याच महामार्गावर रास्ता रोको होतं. याच नदीचं पाणी खाली शिवनसमुद्रजवळून उपसून १९७४ पासून बंगळुरूला जातं. म्हणजे बंगळुरूकर श्रीरंगपट्टणला जातो तेव्हा तो आपल्या घरच्या नळाच्या वाटेवर असतो.

नदीचं जुनं वेळापत्रक आता नीट पाळतात ते पक्षी. गावाशेजारच्या रंगनतिट्टूची छोटी बेटं कंठीरवाच्या काळातल्या बंधाऱ्यामुळे तयार झाली. सालिम अलींनी आग्रह धरला आणि १९४० मध्ये म्हैसूर संस्थानानं ते अभयारण्य केलं; २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, चमचे आणि काळ्या डोक्याचे शराटी इथे झाडं वाकतील इतकी घरटी करतात. हिवाळ्याच्या उत्तरार्धात घरटी सुरू होतात आणि पावसाळ्यापर्यंत पिल्लं उडती होतात. खडकांवर मगरी पडून असतात. वल्ह्यांची होडी घरट्यांच्या इतकी जवळ जाते, की दुर्बिणीची गरज पडत नाही. धरणातून मोठा विसर्ग झाला, की मात्र नौकाविहार बंद होतो.

तेव्हा जायचं कधी, हा प्रश्न इथे हवामानाचा तसाच इतिहासाचाही आहे. पक्षी पाहायचे तर फेब्रुवारी-मार्च. रंगनाथाची रथयात्रा पाहायची तर रथसप्तमी. पण हे गाव बेट का होतं ते समजून घ्यायचं असेल, तर दोनदा जायला हवं. एकदा ऑगस्टमध्ये, वेलस्ली पुलाला पाणी घासून जात असताना. म्हणजे हैदर त्या रात्री कुठल्या पाण्यात उतरला ते कळेल. आणि एकदा ऐन मेमध्ये, दुपारी, किल्ल्याच्या पश्चिम टोकाला, खिंडाराजवळच्या तटावर. पात्रातले खडक मोजता येतात, मधे गुरं उभी असतात आणि पलीकडचा काठ हाक मारली तर ऐकू जाईल एवढा जवळ असतो. चार दिवसांच्या म्हैसूर सहलीत तासाभरात उरकण्याचं हे ठिकाण नाही. त्याला सबंध दिवस द्यावा, दिवसाची सुरुवात महालापासून न करता नदीपासून करावी, आणि भर दुपारी तटावर जायला लागलं तर कुरकुर करू नये.